नाक कुणाचं घासायचं?

परवा संध्याकाळी पावसाने जरा उघडीप दिली, म्हणून सोसायटीच्या बाकावर आम्ही चार म्हातारी माणसं बसलो होतो. विषय निघाला आमच्या ढब्बूचा. ढब्बू म्हणजे नातवाच्या हट्टापायी पाडव्याच्या सुमारास घरात आलेलं पगचं पिल्लू. काळं तोंड, कपाळाला आठ्या, चेहरा असा की जणू आत्ताच हिशेबात तोटा निघालाय. मी सहज म्हटलं, "अजून मधूनच घरात शू करतो हो." झालं! तिघांनी एका सुरात सल्ला दिला, "नाक घासा त्यात. दोनदा घासलं की तिसऱ्यांदा करणार नाही."

गेल्या तीन महिन्यांत हा सल्ला मला दूधवाल्याने दिला, वॉचमनने दिला, इस्त्रीवाल्याने दिला आणि माझ्या सख्ख्या धाकट्या भावानेही दिला (होय रे, तूच! वाचतोयस ना?). आपल्या देशात इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याही विषयावर मी पाहिलेलं नाही. म्हणून आज जरा कडक लिहिणार आहे. रागावू नका.

आधी त्या पिल्लाची बाजू ऐका. साधा ठोकताळा असा की पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. तितके तास ते फार तर धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, आणि तेही शांत झोपलेलं असताना. खेळत असेल तर अर्ध्या तासातही करून मोकळं होतं. ते खोडी काढत नसतं, त्याच्या शरीराला अजून ते जमत नसतं. त्यात डॉक्टर सांगतात, लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, इतर कुत्री फिरतात तिथे खाली नेऊ नका. म्हणजे बाहेर न्यायचं नाही आणि आत करायचं नाही. मग त्याने करायचं तरी कुठे? आणि लसी झाल्या म्हणून सुटका नाही. आम्ही पाचव्या मजल्यावर. लिफ्ट वर येईपर्यंत ढब्बूचं काम दारातच झालेलं असतं.

दुसरं असं की पिल्लू स्वभावतः घाणेरडं नसतं. तीनेक आठवड्यांचं झालं, धड चालायला लागलं, की ते आपण होऊन झोपायच्या जागेपासून लांब जाऊन शू करतं. ही शिस्त निसर्गाने दिलेली आहे. ती मोडतो आपण. २००३ साली ती मोबाईल कंपनीची जाहिरात आली, मुलाच्या मागे मागे चालणारा पग सगळ्यांनी पाहिला आणि घरोघरी पग हवा झाला. मागणी वाढली की माल काढणारे निघतातच. पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं जिथे झोपतात तिथेच करतात, कारण लांब जायला जागाच नसते. काही आठवडे असे गेले की ती उपजत शिस्त पुसली जाते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा नियम २०१७ साली झाला, पण घेणाऱ्यांपैकी किती जण वय विचारतात? आपण विचारतो रंग, आणि विचारतो "काही कमी नाही का होणार?" आईपासून लवकर तोडलेलं, पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू घरी आणायचं आणि आठवड्याभरात त्याने संडासाची पाटी वाचावी अशी अपेक्षा करायची. याला काय म्हणायचं?

"पण त्याला कळतं हो, चूक केली की तोंड कसं पाडतो!" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मलाही आधी तसंच वाटायचं. पण अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन बाईंनी यावर एक प्रयोग केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. मालकाने खाऊला तोंड लावू नको असं कुत्र्याला बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कधी मालकाला खरं सांगितलं, कधी मुद्दाम खोटं. निष्कर्ष काय निघाला? तो 'अपराधी' चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हताच, मालक रागावला की नाही यावर होता. काहीही न केलेली कुत्रीसुद्धा बोलणी बसली की तोंड पाडत होती. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती नुसती भीती असते. दहा मिनिटांपूर्वीची शू आणि आत्ताचा धपाटा यांचा संबंध त्याला लागत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे करायला शिकतं. आणि आपण म्हणतो, "बघा, किती लबाड!"

आता आमच्या इमारतीतली गोष्ट सांगते, कारण खरं तर हे लिहायला बसले ती तिच्यामुळेच. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने दोन वर्षांची एक देशी कुत्री दत्तक घेतली. काळी, पांढऱ्या पायांची. कौतुक झालं, फोटो निघाले. ती बिचारी जन्मभर माती आणि गवतावर वाढलेली, गुळगुळीत फरशी तिने पाहिलेलीच नव्हती. पहिले दोन दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. नंतर कोणी तिच्यावर वाकून हात पुढे केला की तिथेच थोडी शू व्हायची. ही शू खोडीची नसते. "मी तुझ्यापुढे लहान आहे, मला मारू नकोस" असं सांगण्याची कुत्र्यांची ती भाषा आहे. त्यावर ओरडलं की ती आणखी होते, कारण भीती आणखी वाढते. कुत्री सांभाळणारे सांगतात की नव्या घरात बुजणं कमी व्हायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे आणि घर आपलं वाटायला तीन महिने धरावेत. या मंडळींनी तिला नवव्या दिवशी परत नेऊन सोडलं. कारण काय? "गालिचा खराब झाला." जाताना लिफ्टमध्ये ती माझ्याकडे बघत होती. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. मनातून ते अजून जात नाही.

आणि न बोलण्याचं खरं कारण असं, की मला बोलायचा अधिकार आहे का हेच कळेना.

१९८३ सालची गोष्ट. पाचवीचा वर्ग, माझा मराठीचा तास. तास चालू असताना कोणी बाहेर जायचं नाही हा माझा नियम, आणि त्या नियमाचा मला अभिमान होता. एका मुलाने दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा मी "बस खाली" म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने हात वर केला नाही. बाकाखाली ओघळ दिसला तेव्हा वर्ग हसला, आणि मी, शिस्तीची बाई, त्याच्याच हातात फडकं देऊन सगळ्यांसमोर ते पुसायला लावलं. पुढे तो मुलगा शाळेत पाणी प्यायचा बंद झाला. डबा खायचा, पण पाण्याला तोंड लावायचा नाही. हे माझ्या लक्षात यायला काही महिने गेले. मला वाटत होतं मी त्याला वळण लावलं. मी त्याला भीती लावली होती. नाक घासणं म्हणतात ते हेच, दुसरं काय?

शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली. मी तोवर निवृत्तीला आले होते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मला कायद्याची वाट बघायची नव्हती.

म्हणून ढब्बू आल्यावर मी जुन्या हजेरीपटासारखी एक वही घातली. केव्हा खाल्लं, केव्हा झोपला, केव्हा केली. आठवड्याभरात चित्र स्पष्ट झालं. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, आणि दंगा करता करता मध्येच जमीन हुंगत गोल गोल फिरायला लागला की. वेळापत्रक त्याचं पक्कं होतं, आमचंच नव्हतं! मग त्या त्या वेळी त्याला उचलून गॅलरीतल्या वर्तमानपत्रावर ठेवायचं. झाली की तिथल्या तिथे, त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊचा एक दाणा. पाच मिनिटांनी दिलेला दाणा फुकट जातो. चुकून घरात झाली तर न बोलता पुसायची. फिनेलवर भिस्त ठेवू नका. फिनेलने वास आपल्या नाकापुरता दबतो, त्याच्या नाकाला जुनी जागा बरोबर सापडते. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा. जूनपासून खाली न्यायला लागलो. पगचं नाक चपटं, त्याला ऊन सोसत नाही, म्हणून सकाळी लवकर. आणि सगळं सुरळीत असलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं तर फटका नको, डॉक्टर गाठा. लघवीचा संसर्ग किंवा मधुमेहही असू शकतो.

आता कोणी म्हणेल, "बाई, तुम्हाला रिकामा वेळ आहे, आम्ही नोकरीवर जातो." कबूल. पण वेळ नसेल तर कुत्रं आणू नका ना. नाही म्हणण्यात काही पाप नाही. आणून परत करण्यात आहे.

आणि स्वच्छतेचं प्रवचन आपण कुणाला देतो? ज्या गावात जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्याशिवाय माणसं थांबत नाहीत, भिंतीभिंतीवर "येथे लघवी करू नये" लिहावं लागतं, तिथे पाच महिन्यांच्या पिल्लाचं नाक घासायला निघालेल्यांनी जरा आरसा बघावा. त्या भिंतीपाशी उभं राहणाऱ्याला तर वाचताही येतं.

ढब्बू अजून पास झालेला नाही. गेल्या आठवड्यात मुसळधार पावसात खाली उतरायला नाही म्हणाला, आणि वर येऊन माझ्या चटईवर केली. मी पुसली. आठ्या पाडून बघत होता. पण लपला नाही. माझ्या दृष्टीने तो तेवढ्यावर वरच्या वर्गात गेला.

असो. भाऊराया, गणपतीला येशील तेव्हा चपला दारात न ठेवता कपाटात ठेव. आणि काही झालंच, तर फडकं गॅलरीत आहे.