घरोघरींचे प्रश्न : फियाटचा लौकिक

पार्ल्यांतील एका वाचकांचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. घर जुन्या वळणाचें, तिघे भाऊ एकत्र. इमारत आतां पाडून नवी व्हावयाची आहे आणि नव्या इमारतींत ह्या कुटुंबास मोटार ठेवण्यापुरती एकच जागा मिळणार आहे. तीर्थरूपांच्या मागें राहिलेली जुनी पद्मिनी अंगणांत उभी आहे. वडील बंधूंचें म्हणणें, ती ठेवावी. इटलीच्या नामांकित कारखान्याची गाडी आहे, बाबांनीं नांव नोंदवून सात वर्षें तिची वाट पाहिली होती. धाकटे म्हणतात, भंगारांत द्यावी. ज्या कंपनीस ह्या देशांत टिकतां आलें नाहीं, तिचा लौकिक तो कसला? मधल्या बंधूंनीं हें पत्र लिहिलें आहे. गेले दोन महिने घरांत पानावर बसल्यावर कोणी कोणाशीं धड बोलत नाहीं, आणि दोघांपैकीं कोणाचें खरें, तें आम्ही सांगावें, अशी त्यांची इच्छा आहे.

आम्ही शाळामास्तर. मोटार आम्हीं कधीं बाळगली नाहीं. आमचा प्रवास आगगाडीनें, रिक्षानें आणि शेजाऱ्यांच्या कृपेनें झाला. परंतु नांवाचा आणि लौकिकाचा प्रश्न आला म्हणजे चार पुस्तकें उघडून पाहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

प्रथम नांव पाहूं. ‘तोरिनो येथील इटालियन मोटारींचा कारखाना’ अशा अर्थाचे जे चार इटालियन शब्द, त्यांचीं आद्याक्षरें मिळून ‘फियाट’ हें नांव झालें आहे. उत्तर इटलींतील तोरिनो शहरांत ११ जुलै १८९९ रोजीं ही मंडळी स्थापन झाली. योगायोग असा कीं, लॅटिन भाषेंत ‘फिआट’ म्हणजे ‘होवो’. आपल्या ‘भवतु’च्या जागीं येणारें हें रूप, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचें मूळही आपल्या भू धातूच्याच कुळांत दाखवितात. संस्कृताच्या जुन्या शिक्षकास एवढ्यावरूनच ह्या कारखान्याविषयीं थोडें ममत्व वाटलें, तर वाचकांनीं तें चालवून घ्यावें.

घोडदळांतील नोकरी सोडून आलेले जोव्हान्नी आन्येल्ली नांवाचे गृहस्थ लवकरच ह्या मंडळीचे सूत्रधार झाले. त्यांच्या कारकीर्दींत लिंगोत्तो येथें जो कारखाना उभा राहिला व १९२३ सालीं रीतसर सुरू झाला, त्याची हकीगत मोठी मौजेची आहे. इमारत पांच मजल्यांची. तळमजल्यावर कच्चा माल आंत जाई, एकेका मजल्यावर गाडीचा एकेक भाग चढे, आणि पुरी झालेली गाडी गच्चीवर येई. तेथें गच्चीभर बांधलेली धांवपट्टी होती. तिच्यावर गाडी पळवून, पारखून मगच ती खालीं उतरवीत. ज्या गच्चीवर आपण पापड-कुरडया वाळवितों, तेथें हे लोक मोटारी पळवीत होते!

फियाटनें मोठ्या आणि शर्यतींच्या गाड्याही केल्या. परंतु तिची खरी हातोटी लहान गाडींत. १९३६ सालीं तिनें काढलेल्या चिमुकल्या गाडीस लोक लाडानें ‘तोपोलिनो’, म्हणजे उंदराचें पिल्लूं, म्हणत. तिच्या मागें दान्ते जाकोसा नांवाच्या तरुण इंजिनियराची बुद्धि होती. युद्धानंतर १९५५ व १९५७ सालीं आणखी दोन लहान गाड्या त्याच्याच हातून निघाल्या, आणि सायकलीवरून कामावर जाणारा इटालियन मनुष्य बायकामुलांसह मोटारींत बसूं लागला. थोड्या पैशांत मिळणारी, थोडें पेट्रोल पिणारी, अरुंद गल्लींतून वळणारी आणि तरी संसार पोटांत घेणारी गाडी करणें, हें काम मोठी गाडी करण्याहून अवघड आहे. ओळखीच्या मेस्त्रींसही आम्हीं विचारून पाहिलें. त्यांचेंही मत असेंच पडलें.

म्हणून फियाटचा जगभर डंका वाजत होता असें मात्र नव्हे. अमेरिकेंत तिच्या नांवाच्या अक्षरांवरून ‘टोनी, पुन्हां एकदां दुरुस्त कर’ अशा अर्थाची थट्टा रूढ झाली होती. थंड मुलुखांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठानें तिचा पत्रा लवकर खाल्ला जाई. १९८३ सालीं तिनें अमेरिकेंतून आपला बाडबिस्तरा हलविला. म्हणजे ज्या वर्षांत मुंबईंत लोक तिच्यासाठीं नांव नोंदवून थांबले होते, त्याच वर्षांत ती अन्यत्र चेष्टेचा विषय झाली होती. मग मुंबईंतला तिचा लौकिक आला कोठून?

त्याचें उत्तर पार्ल्याहून फार लांब नाहीं. विमानतळ आणि मिठी नदी ओलांडली कीं कुर्लें. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मंडळी काढली. तत्पूर्वीं जवळजवळ दहा वर्षें सर विश्वेश्वरय्या आणि वालचंद ह्यांनीं मुंबईस मोटारींचा देशी कारखाना व्हावा म्हणून खटपट केली होती; परकी सरकारनें ती सफल होऊं दिली नाहीं. मुंबईंत मोटारी जुळत नव्हत्या असें नाहीं. शिवडीस जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता. पण तेथें पेटींतून आलेले भाग जोडावयाचे, एवढेंच. वालचंदांस गाडी येथें घडवावयाची होती. कुर्ल्यास प्रथम अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळूं लागल्या, आणि मग फियाटशीं करार झाला. पुढें १९५३ च्या सुमारास सरकारनें धोरण ठरविलें कीं, ज्यास उत्तरोत्तर अधिक भाग ह्या देशांत करावयाचे असतील त्यानेंच येथें राहावें. तेव्हां जनरल मोटर्स आणि फोर्ड ह्यांनीं गाशा गुंडाळला, आणि कुर्ल्याच्या कारखान्यास मैदान मोकळें झालें. वालचंद मात्र त्याच वर्षीं, १९५३ सालीं, निवर्तले.

१९५४ पासून कुर्ल्यास जी ‘अकराशें’ जातीची फियाट निघूं लागली, तीच पुढें अनेक नांवें घेत आपल्या ओळखीची झाली. पहिल्या गाड्यांचीं पुढचीं दारें उलटीं उघडत. लुगडें नेसलेल्या बायकांस त्यांतून उतरणें सोपें, अशी त्या दारांची एका वृद्ध बाईंनीं आमच्याजवळ तारीफ केली होती. एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, गियरचा दांडा सुकाणूच्या चाकाखालीं, आणि पुढची बैठक सलग बांकासारखी. ह्या सलग बांकाचें महत्त्व एकत्र कुटुंबासच कळेल. पुढें तिघे, मागें चौघे, मांडीवर मुलें आणि डिकींत फणस, अशी पद्मिनी मे महिन्यांत कोंकणांतून परत येतांना पुष्कळांनीं पाहिली असेल. ‘पद्मिनी’ हें चितोडच्या राणीचें नांव तिला १९७४ सालीं मिळालें. तोपर्यंत इटालियन नांव लावण्याचा करार संपला होता. पण लोकांनीं तें मनावर घेतलें नाहीं. ते शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले.

येथें धाकट्या बंधूंच्या बाजूनें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इटलींत ही अकराशेंची गाडी १९६९ सालीं बंद झाली. कुर्ल्यास ती त्यानंतर तीस वर्षें, नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत, थोड्याफार फरकानें तशीच निघत राहिली. बाजारांत मुख्यतः दोनच गाड्या, ही आणि कलकत्त्याजवळची अँबॅसडर. किंमत सुद्धां कित्येक वर्षें सरकार ठरवून देई, आणि त्यावरून कारखानदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा स्थितींत सात वर्षें वाट पाहिली हें लौकिकाचें प्रमाण होत नाहीं. रेशनच्या दुकानापुढें रांग मोठी असते, म्हणून तेथील तांदूळ आंबेमोहोर ठरत नाहीं. डिसेंबर १९८३ मध्यें मारुतीची लहान गाडी रस्त्यावर आली, आणि सामान्य कुटुंबें पाहतां पाहतां तिकडे वळलीं. तीर्थरूपांनीं वाट पाहिली ह्यांत त्यांची चिकाटी दिसते. गाडीचा गुण त्यावरून सिद्ध होत नाहीं.

परंतु वडील बंधूंच्या बाजूनेंही एक साक्षीदार आहे, आणि तो आमच्या मतें सर्वांत भरंवशाचा: मुंबईचा टॅक्सीवाला. त्यास वडिलांच्या आठवणीची माया नसते आणि इटलीच्या नांवाचें कौतुकही नसतें. रात्रीं पैसे मोजतांना पेट्रोल किती गेलें आणि मेस्त्रीस किती द्यावे लागले, एवढेंच तो पाहतो. त्यास अँबॅसडर घेतां आली असती. कलकत्त्याच्या टॅक्सीवाल्यानें तीच घेतली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यानें फियाट घेतली आणि एक पिढी सरली तरी सोडली नाहीं. गाडी आटोपशीर, काळबादेवीच्या गर्दींतून निघणारी. पेट्रोल बेताचें. आणि मुख्य म्हणजे कारखाना कुर्ल्यास, त्यामुळें सुटे भाग हाताशीं, व ते भाग बसविणारा मेस्त्री प्रत्येक उपनगरांत. झाडाखालीं पेटी ठेवून बसणारा मनुष्य पद्मिनीचें एंजिन उतरवून संध्याकाळपर्यंत पुन्हां बसवून देई. पत्रा गंजे, कारण आमची समुद्राची हवाही खारटच. पण गंजलेला भाग कापून नवा जोडणारे हातही येथें होते. तोरिनोंत गाडीची आकृति ठरली. मुंबईंतला लौकिक मात्र ह्या मेस्त्रींनीं आणि टॅक्सीवाल्यांनीं कमावला. अमेरिकेंत टोनीची थट्टा झाली ती तेथें असा टोनी कोपऱ्याकोपऱ्यावर नव्हता म्हणून, असें आम्हांस वाटतें.

तेव्हां पत्रलेखकांस आमचें सांगणें असें. इटलीचें नांव म्हणून गाडी ठेवूं नये आणि कंपनी गेली म्हणून मोडूंही नये. खाजगी गाडीची नोंद पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. त्यासाठीं गाडी तपासणीस न्यावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. वडील बंधु हें सर्व स्वतः करण्यास तयार असतील, आठवड्यांतून एकदां ती रस्त्यावर काढणार असतील आणि तिच्यासाठीं एखादा जुना मेस्त्री बांधून ठेवणार असतील, तर नव्या इमारतींतील जागा तिची. ताडपत्रीखालीं झांकून ठेवावयाची असेल, तर वर्षभरांत खालचा पत्रा जाईल आणि तीर्थरूपांची आठवण म्हणून गंजाची रास उरेल. त्यापेक्षां जो ती चालवील अशा हौशी माणसास द्यावी. अशीं माणसें आहेत. जुन्या गाड्या सांभाळणारांचा एक पंथच मुंबईपुण्यांत तयार झाला आहे. आणि हा निर्णय पुनर्बांधणीच्या करारावर सह्या होण्यापूर्वीं व्हावा. नंतर जागेवरून भांडण सुरू झालें, तर गाडीचें नुसतें निमित्त होईल.

फियाटची कथा येथें थांबत नाहीं, आणि तिचा पुढील भाग धाकट्या बंधूंनीं विशेष वाचावा. १९९६ सालीं फियाटनें प्रीमियरच्या जोडीनें ‘उनो’ नांवाची गाडी आणली. लोकांनीं जुन्या विश्वासानें लाखांच्या संख्येनें नांवें नोंदवून पैसे भरले. परंतु कुर्ल्याच्या कारखान्यांत मजुरांचे तंटे चालूं होते, गाड्या वेळेवर निघेनात, आणि अनेकांनीं आपले पैसे परत मागितले. त्याच सुमारास ह्याच प्रीमियरनें कल्याणच्या बाजूस प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीची गाडी काढली होती. तीही थोड्याच वर्षांत बंद पडली. चाळीस वर्षांत साठलेला विश्वास दोनतीन वर्षांत निघून गेला. २००१ सालीं ‘पालिओ’ आली, तिच्यासाठीं सचिन तेंडुलकर उभे राहिले. गाडी भक्कम होती, पण विक्रीनंतरच्या चाकरीची तक्रार लोकांच्या तोंडून हटली नाहीं.

आणि तरीसुद्धां एक विलक्षण गोष्ट घडली. पुण्याजवळ रांजणगांवास टाटांच्या भागीदारींत फियाटनें नवा कारखाना काढला. तिच्या तेराशें घन सेंटिमीटरच्या डिझेल एंजिनाची कीर्ति इतकी झाली कीं, टाटांनीं तें आपल्या गाड्यांत घातलें आणि मारुतीनें तर परवाना घेऊन स्वतःच्या कारखान्यांत बनविलें. स्विफ्ट आणि डिझायर ह्या डिझेल गाड्या ज्यांनीं ‘जपानी’ म्हणून विश्वासानें घेतल्या, त्यांनीं वस्तुतः फियाटचें एंजिन घेतलें होतें. पत्रलेखकांच्या धाकट्या बंधूंजवळ स्विफ्ट डिझेल आहे, असें पत्रांतच आहे! २०२० सालीं धुराचे नवे नियम आले तेव्हां तें एंजिन येथें बंद झालें. फियाट ह्या नांवाची गाडी त्यापूर्वींच आपल्या बाजारांतून गेली होती. १६ जानेवारी २०२१ रोजीं फियाट आणि प्यूजो हीं दोन घराणीं ‘स्टेलांटिस’ ह्या नांवाखालीं एक झालीं; कुर्लें आणि कल्याण येथें वेगवेगळीं हरलेलीं नांवें शेवटीं एका छपराखालीं आलीं. रांजणगांवास आज जीप नांवाच्या गाड्या निघतात, आणि कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी ही वसाहत उभी आहे.

मुंबईंत टॅक्सीच्या वयाची मर्यादा २००८ सालीं पंचवीस वर्षें ठरली आणि २०१३ सालीं वीस. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कचेरींत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. तिचीं वीस वर्षें ऑक्टोबर २०२३ मध्यें भरलीं. त्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं तिचीं छायाचित्रें छापलीं आणि खालीं ‘पद्मिनी’ असें तिचें खरें नांव दिलें. आमच्या शेजारचे आजोबा तें छायाचित्र हातांत घेऊन बराच वेळ पाहत बसले, आणि मग म्हणाले, “अरे, ही तर फियाट!”