कॅथलिक: शब्द उसना, व्याकरण घरचं

'परके शब्द घुसले, मराठी बाटली' अशी ओरड अधूनमधून होतच असते. अशा वेळी मला लॅटिन आठवते. रोमनांनी ग्रीस जिंकला, पण शब्द मात्र ग्रीकांकडूनच बिनदिक्कत उसने घेतले. त्यातलं एकच विशेषण बघू: 'काथोलिकुस', म्हणजे आपल्याला माहीत असलेला 'कॅथलिक'.

मूळ ग्रीक शब्द 'काथोलिकोस'. 'काता' म्हणजे '-ला धरून', 'होलोस' म्हणजे सगळा. जोडताना 'काता'चा शेवटचा स्वर गळतो आणि त् + ह = थ. संधी ही काही फक्त पाणिनीच्या घरची मिरास नाही :-) तयार होतं 'काथोलू', म्हणजे 'एकंदरीत'. त्याला 'इकोस' प्रत्यय लावला की झालं 'सार्वत्रिक'. गंमत म्हणजे 'होलोस' हा आपल्या 'सर्व'चा सख्खा भाऊ. शब्दाच्या सुरुवातीच्या जुन्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो. आपलं 'सप्त', त्यांचं 'हेप्ता'. इंग्रजी 'होल' मात्र या घराण्यातला नाही, नुसता चेहरा सारखा!

इ.स. ९५च्या सुमारास क्विंटिलियनने हा शब्द ग्रीक लिपीतच लिहिला आणि 'जमेल तसे' म्हणून दोन लॅटिन प्रतिशब्द दिले. त्यातला एक 'युनिवेर्सालिस', म्हणजेच आजचा 'युनिव्हर्सल'. पुढे दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला इग्नेशियसने ग्रीक पत्रात चर्चला 'काथोलिके' म्हटलं, आणि इ.स. २००च्या आसपास तेर्तुलियनच्या लॅटिनमध्ये हा शब्द आपला होऊन बसला. म्हणजे प्रतिशब्दही जगला आणि उसना शब्दही. दोघांनी कामं वाटून घेतली.

पण खरी मेख व्याकरणात आहे. ग्रीक रूपं 'काथोलिकोस, काथोलिके, काथोलिकोन'. लॅटिनने ती 'काथोलिकुस, काथोलिका, काथोलिकुम' केली आणि घरच्या 'बोनुस, बोना, बोनुम'च्या रांगेत उभी केली. लिंग, वचन, विभक्ती, सगळं घरचं.

आपणही हेच करत आलोय. 'ताजा' फारसी, पण ताजा भात, ताजी भाजी, ताजं दूध म्हणताना कुणाला तो परका वाटतो का?

म्हणून माझं मत साधं आहे. शब्द खुशाल घ्या, प्रतिशब्दही जरूर घडवा. राखायचं ते व्याकरण. ऑफिसात 'फाइल' म्हटल्याने मराठीचं काही बिघडत नाही. पण 'फायली' सोडून 'फाइल्स' म्हणायला लागलो, की शब्दाबरोबर त्याचं अनेकवचनही आयात झालं. काळजी करायचीच असेल, तर तिची करा.