मराठीच्या वाटेने इंग्रजी अव्यये

मालाडचा रहिवासी आपला ठावठिकाणा सांगताना 'मालाडला राहतो', 'मार्वे रस्त्याला राहतो', 'मीठ चौकीला उतरतो' अशा तिन्ही वाक्यांत एकट्या 'ला' प्रत्ययावर निर्वाह करतो. परंतु हाच मजकूर इंग्रजी अर्जात लिहावयाचा झाला, की विस्तृत वस्तीला 'इन', रस्त्याच्या रेषेला 'ऑन' आणि उतरण्याच्या नेमक्या जागेला 'अ‍ॅट' अशी त्रिविध योजना त्याला करावी लागते. कालाचेही तसेच. सकाळी, सोमवारी, रात्री या शब्दांतील सप्तमीच्या एका ईकारासाठी इंग्रजी अनुक्रमे 'इन', 'ऑन' आणि 'अ‍ॅट' मागते. मराठी माध्यमातील मुलाची चूक येथे त्याच्या मातृभाषेच्या शिस्तीतून उद्भवते, आणि म्हणूनच तिचे निवारण त्या शिस्तीच्या आधारे व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले; पण इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य मानून अव्ययांच्या याद्या घोकवून घेण्याचा परिपाठ अनेक वर्गांत अद्याप चालू आहे. 'अर्ज शुक्रवारपर्यंत दाखल करावेत' आणि 'कचेरी शुक्रवारपर्यंत बंद राहील' या दोन वाक्यांतील 'पर्यंत' दिसावयास एकच असला, तरी पहिल्यात मुदतीच्या आत एकदाच उरकावयाची कृती आहे आणि दुसऱ्यात मुदत संपेतो टिकणारी अवस्था आहे, हा भेद मुलास मराठीतच उलगडून दाखविला, तर पहिल्या ठिकाणी 'बाय' आणि दुसऱ्या ठिकाणी 'टिल' का, हे त्याला पुन्हा सांगावे लागत नाही. नोकरीच्या अर्जांत सर्रास आढळणारे 'सिन्स फाइव्ह इयर्स' हे 'पाच वर्षांपासून'चेच शब्दशः रूप. आरंभाचा क्षण आणि लोटलेला अवधी या दोहोंना मराठीत 'पासून' चालते, इंग्रजीत मात्र पहिल्याला 'सिन्स' व दुसऱ्याला 'फॉर' हवा.

शिवाय सूक्ष्म भेद इंग्रजीतच आहेत असे नाही. 'तासात येतो' म्हणजे तास भरण्यापूर्वी, आणि 'तासाने येतो' म्हणजे तास भरल्यावर, हे मालाडच्या फलाटावर कोणाची वाट पाहणाऱ्या लहान मुलालाही अचूक उमगते. आणि ज्याला हे उमगते, त्याला पहिल्यासाठी 'विदिन' व दुसऱ्यासाठी 'इन' हे शिकविणे मुळीच दुष्कर नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचे व्याकरण सिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाची धाटणी होती. तोच मार्ग उलट दिशेने चालण्यास संकोच का वाटावा? पाठ्यपुस्तकांत 'ला', 'त', 'वर', 'पर्यंत', 'पासून' यांच्या इंग्रजी प्रतिरूपांचा तुलनात्मक पाठ असावा, शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याला रीतसर स्थान मिळावे, आणि इंग्रजीच्या वर्गात मराठी वाक्य फळ्यावर लिहिण्यास शाळांनी मोकळीक द्यावी.