राजकन्यांच्या डायऱ्या आणि आपल्या आज्या

रशियाच्या झारच्या थोरल्या मुली, ओल्गा आणि तात्याना, पहिल्या महायुद्धात डायरी लिहीत. या डायऱ्या वाचा असं मी म्हटलं की बैठकीत कुणीतरी विचारतंच, ‘राजवाड्यातल्या पोरींचं आपल्याला काय?’ प्रश्न रास्त आहे. १९१७च्या महिला दिनी पेट्रोग्राडच्या गिरणी कामगार बाया पावासाठी रस्त्यावर उतरल्या आणि आठवडाभरात झार पायउतार झाला. त्या बायांची बाजू या डायऱ्यांत मिळणार नाही.

तरीही वाचाव्यात. १९१४ साली दोघी शिकून त्सारस्कोये सेलोच्या इस्पितळात जखमी सैनिकांची शुश्रूषा करू लागल्या. कुणाची जखम कुठे, पट्टी कुणाची बदलली, मग चहा, प्रार्थना, एका जखमी अधिकाऱ्यावर जडलेला जीव. ओल्गाला हा ताण झेपेना. १९१५मध्ये तिला शस्त्रक्रियेचं काम सोडावं लागलं. सेनापतींच्या आठवणींत युद्ध म्हणजे डावपेच. इथे ते रोज सकाळी उठून करायचं काम आहे. १९१८ साली दोघींना कुटुंबासह ठार मारलं, पण डायऱ्या मॉस्कोच्या सरकारी अभिलेखागारात राहिल्या. राजाच्या लेकींचा कागद जपला जातो!

आमचा हिंगोलीचा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या धाकानं कितीतरी कुटुंबं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडला कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या बायांनी डायरी कुठून लिहावी? अक्षरओळखच नव्हती. पुढे स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनसाठी तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा मागितला गेला. भाकरीची पावती कोण देणार?

आणि गाठ फक्त एकाच बाजूच्या बायांशी नाही. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची पाहणी सुंदरलाल समितीनं केली. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत शेजारचा नांदेड होता. तो अहवाल २०१३पर्यंत लोकांसमोर आला नाही. त्या घरांतल्या बायांना आपण काही विचारलं आहे का? सतरा सप्टेंबरच्या भाषणांत तर हा विषय निघतच नाही.

काम कसं करायचं याचे नमुने आहेत. ‘स्त्री शक्ती संघटना’ या गटानं तेलंगणाच्या लढ्यातल्या बायांना बोलतं केलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखतींतून ‘आम्हीही इतिहास घडवला’ उभं केलं. ‘लढ्यात तुमचं योगदान काय’ असं विचारलं की आजी म्हणते, ‘मी काय केलं, बाई?’ त्याऐवजी विचारावं, त्या दिवशी चूल पेटली का, पोरं कुठे लपवली, नदीला पाणी किती होतं. हे असं विचारायचं मी शिकले ते त्या डायऱ्यांतल्या बारीकसारीक नोंदींवरून. तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदीला टेकल्यात. वही आणि टेप घेऊन या दिवाळीच्या आतच निघायला हवं.