वाघ दिसला का?

परवा आमच्या भिशीत सुट्टीचा विषय निघाला. एकीचा मुलगा दहावीत, एकीची मुलगी अकरावीत, आणि सगळ्यांची तक्रार एकच : 'मुलं आता आपल्याबरोबर कुठे यायलाच तयार नसतात गं!' देवदर्शनाला म्हटलं तर 'तुम्ही जाऊन या', मामाकडे म्हटलं तर 'तिथे बोअर होतं'. मी म्हटलं, जंगलात न्या. तर लगेच चार-पाच जणींनी एका सुरात विचारलं, "तुम्ही गेला होतात ना ताडोबाला? मग, वाघ दिसला का?"

नाही दिसला. आणि तरीही मी 'न्या' म्हणतेय. का, ते जरा सविस्तरच सांगते.

आम्ही पाचोऱ्याचे. ह्यांचं कापडाचं दुकान, मी शाळेत क्लार्क. आमच्या आजवरच्या सहली म्हणजे वणी, शिर्डी, तुळजापूर आणि एकदा महाबळेश्वर. महाबळेश्वरलाही मी पहिल्या दिवसापुरत्या चाळीस पोळ्या करून नेल्या होत्या, त्यावरून काय ते ओळखा. २०२५ साली लेक बारावीला होती. निकाल लागला की ती शिकायला बाहेर जाणार हे नक्की होतं. चौघांनी मिळून घराला कुलूप लावून निघायची ही बहुधा शेवटची सुट्टी, हे मला आतून कळत होतं. पण असं काही बोललं की मुलं म्हणतात, 'आई, सेंटी नको होऊस.' म्हणून गप्प बसले.

ताडोबाचं नाव धाकट्याने काढलं. तो तेव्हा नववीत. मी एक गोष्ट केली, जी आधी कधी केली नव्हती. एका रविवारी जेवणं झाल्यावर वही आणि पेन मुलांसमोर ठेवलं, आपल्याकडे किती पैसे आहेत तो आकडा लिहिला आणि म्हटलं, "ह्यात बसवा." ह्यांना ते अजिबात आवडलं नाही. "मुलांना कशाला पैशाचं सांगायचं?" ह्यांचं म्हणणं. माझं मत उलट आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घरात पैसा किती आणि कसा येतो हे माहीत नसेल, तर तो आपल्याकडे मागत राहणार आणि आपण 'नाही' म्हणत राहणार. आमच्या धाकट्याने दोन दिवसांत शोधून काढलं, की शनिवार-रविवारी सफारीचे दर जास्त असतात आणि मंगळवारी जंगल बंद असतं. मग त्यानेच आमची सहल आठवड्याच्या मधल्या दिवसांत बसवली. एरवी ह्याच मुलाला नव्या बुटांची किंमत कधी जास्त वाटली नव्हती!

लेकीकडे बुकिंगचं काम होतं. तिच्यामुळे मला कळलं, की ताडोबाचा गाभा, म्हणजे कोअर, वेगळा आणि भोवतालचा बफर वेगळा. गाभा साधारण सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, बफर अकराशेच्या आसपास. बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, माणसं राहतात. पावसाळ्यात गाभा पर्यटकांसाठी बंद असतो. एका जिप्सीत सहा पर्यटक बसू शकतात. आम्ही चौघंच, त्यामुळे दोन जागा रिकाम्या जाणार म्हणून माझा जीव तुटत होता. (नणंदेला विचारू का म्हटलं, तर तिघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की विषय तिथेच संपला.) बुकिंग ऑनलाईन होतं आणि ज्या ओळखपत्रावर केलं, तेच गेटवर दाखवावं लागतं. माझ्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघालं. ते नीट करून घ्यायला मी पाच वर्षं टाळाटाळ करत होते, ते लेकीने आठवडाभरात करायला लावलं.

आणखी एक, पुरुषांच्या लक्षात येत नाही अशी गोष्ट. सफारी जवळजवळ चार तासांची असते आणि आत मनाला येईल तिथे गाडीतून उतरता येत नाही. सकाळी अंधारात निघायचं, गेटवरचं स्वच्छतागृह वापरून घ्यायचं आणि मग सगळं पुढे सोसायचं. वयात आलेली मुलगी बरोबर असेल तर तिच्या पाळीच्या तारखा बघूनच बुकिंग करा. ऐनवेळी गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलण्यापेक्षा आधी कॅलेंडर बघितलेलं बरं. ह्यासाठीच मी म्हणते, की हे मोठ्या मुलांबरोबर करायचं. चार वर्षांचं पोर चार तास गप्प बसत नाही, त्याला भूक लागते, ऊन लागतं, आणि आईचं सगळं लक्ष त्याच्या टोपीतच.

धाकट्याची अडचण वेगळीच. ताडोबात मोबाईल आत नेता येत नाही. हे कळल्यावर तो म्हणाला, "मग चार तास करायचं काय?" मी म्हटलं, "आमच्या तोंडाकडे बघ."

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. ५ मेला बारावीचा निकाल लागला, लेकीला चांगले मार्क मिळाले, पेढे झाले. आणि मग ती बातमी आली. १० मे २०२५. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी तिघी.

लेकीने बातमी जेवताना मोठ्याने वाचली. म्हणाली, "आई, आपण ज्याला बघायला पैसे भरतोय, तो हाच ना?" ताट तसंच ठेवून ती उठली. रद्द करू या म्हणाली. धाकटा म्हणाला, भरलेले पैसे बुडतील. हे म्हणाले, "वाईट झालं, पण आपण न गेल्याने काय होणार?" तिघांचंही मला थोडंथोडं पटत होतं. दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही.

तेंदूची पानं विडीसाठी लागतात, आणि तोडणी ऐन उन्हाळ्यात थोडेच दिवस चालते. त्या दिवसांतली मजुरी म्हणजे पावसाळ्यापूर्वीचं बियाणं, मुलांची वह्या-पुस्तकं. बाई पहाटे जंगलात जाते, वाकून पानं तोडते, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं असं वनखात्याची माणसंच सांगतात. शाळेत बसून मी हे सगळं वाचत होते. आपण सफारीच्या गाडीत उंचावर बसून ज्या रस्त्याने जाणार, तसल्याच रानात कुणीतरी रोज पायी जातं, हे माझ्या आधी कधी डोक्यातही आलं नव्हतं. जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा, असंच माझं चित्र. खरं तर ताडोबाच्या आतही बोटेझरी, जामणी, नवेगाव अशी गावं होती. ती बाहेर हलवली, म्हणून तर आतली कुरणं एवढी मोकळी झाली.

शेवटी आम्ही गेलो. गाईड आणि जिप्सीवाले बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात, आपण गेलो नाही तर त्यांचीही चूल अडते, हे एक कारण. दुसरं म्हणजे, लेकीने अट घातली. रिसॉर्ट रद्द करून मोहर्लीतच एका घरी राहायचं आणि वाघासाठी हट्ट करायचा नाही. ह्यांनी मान डोलावली. पुढे काय होणार होतं ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं!

त्या वर्षीचा मे आठवतोय ना? राज्यभर अवकाळी पाऊस. एरवी मे महिन्यात पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावरं येतात, म्हणून उन्हाळ्यात वाघ दिसायची शक्यता जास्त. आमच्या वेळी जागोजागी डबकी भरलेली. पहिली सफारी बफरमधली, संध्याकाळची. चितळ, नीलगाय, मोर, संपलं. दुसरी गाभ्यातली, पहाटेची. गाईड बाई होती, खाकी कपड्यांतली, लेकीपेक्षा फार मोठी नसेल. तिने आम्हाला कढईचं पांढरंफटक झाड दाखवलं, रात्री भुतासारखं दिसतं म्हणाली. तलावाकाठच्या तारूच्या देवस्थानाची गोष्ट सांगितली. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना गेला, त्याचा देव झाला आणि त्याच्याच नावावरून ताडोबा. एक अस्वल रस्ता ओलांडून गेलं, इतकं जवळून की धाकट्याने माझा हात धरला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मग ओल्या मातीत पंजा दिसला. ताजा. पलीकडे वानरं ओरडत होती, गाईडने बोट वर केलं, सगळे गप्प. वीस मिनिटं तशीच गेली. आणि ह्यांचा धीर सुटला. पुढे वाकून चालकाच्या कानात म्हणाले, "जरा रस्ता सोडून आत घ्या ना. पाचशे देतो."

चालक काही बोललाच नाही. लेक मात्र बोलली, आणि चांगलं मोठ्याने : "बाबा, नको."

"तू गप्प बस," हे म्हणाले.

गाईड हळूच म्हणाली, "साहेब, आमचं काम बंद होते." तिचं काही खोटं नव्हतं. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसकट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरलं होतं. त्याचं चित्रीकरण सगळीकडे फिरलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाईड आणि चालकांना निलंबित केलं गेलं. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, की 'अजून पुढे घ्या' असं त्या गाड्यांतून कुणीतरी म्हटलं असेलच ना? वाघ दाखवला नाही तर बक्षिशी नाही, दाखवायला गेलं तर नोकरी नाही. हा पेच त्या पोरांचा नाही, आपण तो त्यांच्या गळ्यात मारतो.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाईला ती नजर कळते. परक्या माणसांसमोर नवऱ्याची बाजू पडू द्यायची नाही, हे मी आईकडून शिकले. सासूबाईंकडून तर रोजच. पण मागच्या सीटवर लेक बसली होती, आणि दीड महिन्यात ती घरातून जाणार होती. कुठल्यातरी शहरात तिलाही कधीतरी चारचौघांत 'नको' म्हणायची वेळ येईल. मी म्हटलं, "ती बरोबर बोलतेय. नका सांगू त्यांना."

गेटपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. मोबाईल नसल्यामुळे तोंड लपवायलाही जागा नाही. चौघांनी आपापल्या बाजूचं जंगल बघितलं. माझ्या पोटात गोळा आलेला. सगळी सहल मी नासवली असंच वाटत होतं.

रात्री घरमालकीणबाईंनी वरण-भात, वांग्याची भाजी वाढली. त्यांनीही विचारलं, "दिसला का जी?" आम्ही गप्प. धाकटा म्हणाला, नाही दिसला. मग ह्यांनीच विचारलं, "तुम्ही जाता का जंगलात?"

"जावंच लागते. मोहफुलं, तेंदू, सरपन. चौघी-पाचजनी मिळून जातो."

"मग तुम्हाला दिसतो?"

बाई हसल्या. "आमाले नाई दिसला तं बरं," म्हणाल्या आणि भात वाढायला वाकल्या.

जेवणं झाल्यावर हे अंगणात खाटेवर पडले होते. लेक पायरीवर बसली होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ह्यांनी विचारलं, "होस्टेलला खोलीत पंखा असतो का गं?" ती म्हणाली, "असतो बाबा." "नसला तर सांग, टेबलफॅन घेऊन देतो." मी आत भांडी आवरू लागत होते, ती हातातून खाली ठेवली आणि तिथेच बसून राहिले. माझ्या घरात माफी अशीच मागतात.

आता भिशीतल्या मैत्रिणी म्हणतात, एवढे पैसे घालून वाघ नाही तर काय उपयोग? त्यांना मी धाकट्याची वही दाखवते. त्यात पै-पैचा हिशेब आहे आणि शेवटच्या पानावर पाहिलेल्या जनावरांची यादी. अस्वलाच्या पुढे त्याने तीन उद्गारचिन्हं दिलीत. तुम्ही जाणार असाल तर मुलांना आत्तापासूनच वही-पेन द्या, कपडे मातकट रंगाचे घ्या (ह्यांनी पांढराशुभ्र शर्ट आणला होता, तो मी बॅगेतच ठेवायला लावला), आणि जेवण बाहेर सांगा. पोळ्या करून नेऊ नका, एवढं माझं ऐकाच.

आणि ह्यांचं म्हणाल, तर दुकानात कुणी 'वाघ दिसला का' विचारलं की हे गिऱ्हाइकाचं कापड बाजूला ठेवतात आणि दोन्ही हातांनी पंजा केवढा होता ते दाखवतात. पहिल्या महिन्यात तो पेढ्याच्या बशीएवढा होता. आता जेवायच्या ताटाएवढा झालाय.