शाल-श्रीफळ नको, हिशेब टाका!

वस्तीत बॅनर लागतं. परदेशी शिकायला निघालेल्या पोराचा सूटबुटातला फोटो, वर बाबासाहेब, खाली नगरसेवकाचे दात. समाजमंदिरात सत्कार होतो. शाल, नारळ, गुच्छ. पाहुणा माईक हातात धरून ठोकतो की जिद्द असली म्हणजे सगळं होतं. पोराची आई पदरानं डोळे पुसते. तिचं रडू खरं आहे. पाहुण्याचं वाक्य खोटं आहे.

जिद्द त्याच गल्लीत आणखी दहा जणांकडे होती. त्यांच्या नावाचं बॅनर लागलं नाही. एकाला खांद्यावर घ्यायचं आणि उरलेल्या दहांना ‘तुमच्यातच दम नाही’ म्हणून घरी बसवायचं, ही या व्यवस्थेची जुनी चलाखी आहे. आणि आपण साले तिथं टाळ्या वाजवतो!

बाबासाहेबांचंच घ्या. त्यांच्या स्कॉलरशिपची गोष्ट प्रस्थापितांना भारी आवडते. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंड दिले, भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, मोठे झाले. संपली गोष्ट. मधलं सगळं गाळून.

मधलं असं आहे. 1916 साली ते लंडनला गेले. 1917 साली स्कॉलरशिपची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धा टाकून माणूस परत निघाला. पुस्तकं दुसऱ्या जहाजानं येत होती, ते टॉर्पेडोनं समुद्रात बुडवलं. करारानं बांधलेले म्हणून ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. ऑफिसात शिपाई कागद लांबून टेबलावर फेकत. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून, रोजचा दीड रुपया भरून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन टोळकं दारात उभं राहिलं. कोलंबियात शिकून आलेला तो माणूस सार्वजनिक बागेत जाऊन बसला.

दोस्तांनो, आपल्याकडच्या स्कॉलरशिपवाल्याचं साहस हे असतं. तो समुद्र ओलांडतो, पण गाव त्याला शिवेवरच अडवतं.

पुढं सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी करून पै-पै जोडली. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेनांकडून उसने घेतले. 1920 साली पुन्हा लंडन, 1923 साली डी. एस्सी. म्हणजे पैसा थांबला म्हणून सहा वर्षं लांबली. तीही कुणाची? आंबेडकरांची! आपल्यातलं साधं पोरगं सहा महिन्यांतच खाली बसतं.

बाबासाहेबांना हे अंगावरच्या वळांवरून माहीत होतं. म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंडळात बसल्यावर त्यांनी 1942 साली निवेदन ठेवलं. बनारसला, अलिगडला सरकारी पैसा जातो, मग अस्पृश्यांच्या पोरांनाच का नाही, हा त्यांचा सवाल होता. 1944 साली मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. 1950च्या दशकात परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आली. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. खैरातीला लोक आभार मानतात, हक्काचा हिशेब मागतात.

तर टाका हिशेब.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात पीएच. डी. करणारा रोहित वेमुला. 2015 साली फेलोशिप थांबली. मग हॉस्टेलमधून बाहेर काढलं, उघड्यावर तंबू टाकून राहिला. 17 जानेवारी 2016ला तो गेला. या पोराला विज्ञानलेखक व्हायचं होतं, ताऱ्यांवर लिहायचं होतं. आणि शेवटच्या चिठ्ठीत त्याला काय लिहावं लागलं? सात महिन्यांची फेलोशिप, एक लाख पंचाहत्तर हजार रुपये, ती घरच्यांना द्या. मरतानासुद्धा थकबाकी मांडावी लागली.

2023 साली मुंबईच्या आझाद मैदानात बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक पोरं-पोरी बसली होती. मुद्दा एकच होता: पात्र ठरलेले 861, ते सगळे घ्या. प्रबंध लिहायचे हात घोषणांचे फलक धरून बसले. 2025च्या जुलैत परदेशी शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या 106 जणांपैकी आधी फक्त 40 जणांना पत्रं गेली. बाकीच्यांना ऐकवलं, निधी असेल तर बघू. विलायतेतली विद्यापीठं काय आपल्या निधीची वाट बघत सप्टेंबर पुढं ढकलणार आहेत?

पण नुसता पैसा अडवून यांचं भागत नाही. डोकंही अडवायचं आहे. 2022च्या फेब्रुवारीत याच परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमात अट घातली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातल्या समाजाचा अभ्यास, असे विषय चालणार नाहीत. का, तर हे इथंच शिकता येतं म्हणे.

आता 1916 सालात या. 9 मे. कोलंबियातल्या एका सेमिनारमध्ये पंचविशीतला भीमराव उभा राहून निबंध वाचतोय. विषय: भारतातल्या जाती, त्यांची रचना आणि उगम. त्याच्या आदल्या वर्षी एम. ए.साठी लिहिलेला प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर. दोन्ही विषय नव्या अटीत बाद! 2022च्या साहेबापुढं भीमराव रामजी आंबेडकर हा अर्ज आला असता, तर त्यानं लाल शेरा मारून परत पाठवला असता. आणि हेच साहेब 14 एप्रिलला हार घालायला पुढं.

यांना आपल्यातला इंजिनियर चालतो, मॅनेजर चालतो. यंत्राचं पोट फाडणारा चालतो. जातीचं पोट फाडून आत काय सडलंय ते जगाला दाखवणारा चालत नाही. सगळी मेख इथं आहे.

आणि आता घरचा हिशेब. परत आलेल्या साहेबांनो, कान इकडं करा. 18 मार्च 1956ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची नाराजी भर सभेत बोलून दाखवली होती. ती आजही तुमच्याच पत्त्यावर येते. सोसायटीत आडनाव लपवता, ते का लपवता हे आम्हाला कळतं. धर्मशाळेतल्या लाठ्या अजून संपलेल्या नाहीत. पण स्वतः चढून झाल्यावर मागची शिडी ओढून घेणं, हे कुठल्या भीतीत बसतं? वर्षाला एक चेक फाडून समाज फिटत नाही. गल्लीतल्या एका पोरीचा फॉर्म रात्री बसून भरून द्या. तिचे पैसे अडले की तुमच्या लेटरहेडवर सवाल विचारा. तुमच्या इंग्रजीचा तेवढा तरी उपयोग होऊ द्या.

म्हणून पुढच्या सत्काराला आपण जायचं. आईच्या पाया पडायचं, पोराला मिठी मारायची. आणि पाहुणा उठला की उभं राहून विचारायचं: यंदा या वॉर्डातल्या किती पोरांची शिष्यवृत्ती थकलीय? किती जणांनी कॉलेज सोडलं? 2022च्या अटीवर तुमचा पक्ष काय बोलला?

उत्तर येईपर्यंत खाली बसायचं नाही.

जयभीम!