नोबिताची आजी

घरात शाळेत जाणारं पोर असेल तर ‘डोरेमॉन’ कोण हे सांगावं लागत नाही. २००५ साली हंगामा वाहिनीवर तो हिंदीतून बोलू लागला आणि आमच्या सिडको-हडकोतल्या घराघरांत मुक्कामाला आला. तेव्हा त्याच्यापुढे जेवायला बसणारी मुलं आज वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत पाळ्या करतात आणि त्यांची मुलं तेच भाग मोबाइलवर बघतात. परीक्षेत शून्य मिळवणारा नोबिता, त्याच्यावर ओरडणारी आई, वर्गाबाहेर उभं करणारे सर, खेळणी हिसकावणारा जियान, बढाया मारणारा सुनियो आणि पोटावरच्या खिशातून हवं ते काढून देणारा निळा डोरेमॉन. ही मंडळी सगळ्यांच्या ओळखीची आहेत. त्याच घरातली आजी मात्र फार थोड्या वेळा दिसते, आणि मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

ही नोबिताच्या वडिलांची आई. मालिका सुरू होते तेव्हा ती हयात नाही. नोबिता बालवाडीच्या वयाचा असतानाच ती गेली. फुजिको एफ. फुजिओ या नावानं चित्रकथा काढणाऱ्या हिरोशी फुजिमोतो यांनी १९७० साली, म्हणजे डोरेमॉनच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत, तिच्यावर एक गोष्ट लिहिली. नोबिताला घरात एक जुनं, ठिगळ लावलेलं कापडी अस्वल सापडतं. आजीच्या हातचं ते ठिगळ पाहून त्याला तिची इतकी आठवण येते, की टाइम मशिनमधून तिला भेटायला जायचा हट्ट तो धरतो. एवढा मोठा नोबिता एकाएकी पुढे उभा राहिला तर म्हातारी घाबरेल, म्हणून डोरेमॉन आधी नकोच म्हणतो. शेवटी लांबून बघून परत यायचं, या बोलीवर दोघे निघतात.

तिथे तीन-चार वर्षांचा नोबिता आजीला भंडावून सोडत असतो. त्याला फुलबाज्या हव्या असतात, तेही त्यांचा हंगाम नसताना. आजी रागावत नाही. थंडीत, कमरेत वाकलेली ती म्हातारी एकामागून एक दुकानं पालथी घालते. फेब्रुवारी महिन्यात गुलमंडीपासून औरंगपुऱ्यापर्यंत फुलबाज्या विचारत पायी फिरणारी आपली आजी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या दोन-चार चित्रांत काय आहे ते कळेल. मोठ्या नोबिताला ते बघवत नाही. तो लहान नोबितावर, म्हणजे स्वतःवरच, डाफरतो. हा कुठला आगाऊ पोरगा घरात शिरला म्हणून आई त्याच्या मागे लागते. अशा धांदलीत तो आजीच्या खोलीत येऊन पोचतो.

पुढचा प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते. बोलता बोलता आजी म्हणते, नातू दप्तर पाठीला लावून शाळेत जाताना बघायला मिळाला तर बरं होईल. नोबिता धावत आपल्या काळात जातो, दप्तर अडकवून परत येतो आणि भीतभीत विचारतो, मीच नोबिता आहे म्हटलं तर खरं वाटेल का? ती सांगते, मला मघापासून तसंच वाटत होतं. नातवाच्या शब्दावर तिनं शंका तरी का घ्यावी?

ती पुरावा मागत नाही. ज्या पोराला आई रोज गुणपत्रिका मागते, सर गृहपाठ मागतात, मित्र काही ना काही करून दाखवायला लावतात, त्याला या एका खोलीत काहीच सिद्ध करावं लागत नाही. नोबिताच्या फजितीवर आपण मोकळेपणानं हसू शकतो त्याचं कारण मला तिथे सापडतं. कोणीतरी त्याला आधीच पोटभर जीव लावून ठेवला आहे. घरगुती विनोदाला असा भल्या मनाचा माणूस लागतोच. चि. वि. जोशींनी चिमणरावाच्या पाठीशी गुंड्याभाऊ उभा केला. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाची धांदल रंगायची, ती बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ शेजारी असायचा म्हणून.

आजी नुसते लाड करते म्हणावं तर तसंही नाही. दुसऱ्या एका गोष्टीत ती आजारी, अंथरुणावर आहे. ती नोबिताला एक दारुमा देते. ही जपानी बाहुली बुडाला जड असते, कितीही आडवी पाडा, पुन्हा उभी राहते. तू पण पडलास की असाच आपला आपण ऊठ, म्हणजे मला काळजी राहणार नाही, असं ती सांगते आणि तो कबूल करतो. जाणाऱ्या माणसानं मुलाला यापेक्षा कामाचं काय द्यायचं? डोरेमॉनची सगळी गॅजेट्स एकीकडे आणि ही बाहुली एकीकडे, असं मला मनापासून वाटतं. गॅजेट वापरलं की नोबिता बहुतेक वेळा आणखी गोत्यात येतो.

पहिल्या गोष्टीत दप्तराची हौस फिटल्यावर आजी लगेच पुढचं मागणं मांडते, आता तुझी नवरी बघायची आहे. या गोड लोभावर माझा फार जीव आहे. याच धाग्यावर २०२० मध्ये जपानमध्ये ‘स्टँड बाय मी डोरेमॉन २’ हा अख्खा चित्रपट निघाला. त्याआधी, २००० साली, आजीच्या मूळ गोष्टीवर एक छोटा चित्रपटही आला होता.

आमच्या शहरात या गोष्टीला एक वेगळी धार आहे. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठणकडची तरुण मंडळी इथे येऊन दोन खोल्यांत संसार मांडतात आणि म्हातारी माणसं शेतावर राहतात. आजी येते ती डोळ्यांच्या ऑपरेशनला, नाहीतर उन्हाळ्याच्या सुटीत. गेल्या मे महिन्यात शेजारी कन्नड तालुक्यातल्या एक आजी आल्या होत्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलरमध्ये पाणी घालायचं तर नळाला पाणी यायला दोन दिवस बाकी होते. नातवाच्या मांडीवर मोबाइल, नातू आजीच्या मांडीला टेकलेला. शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी हा भाग पूर्ण बघितला. दप्तर लावून नोबिता दारात आला तेव्हा त्यांचे हात थांबले.

“टाइम मशिन आहे तर तो रोज का नाही जात आजीकडं?” नातवानं विचारलं.

आजींनी शेंग पुन्हा हातात घेतली. “रोज गेला तर आभ्यास कवा करायचा त्यानं? आन् ती म्हातारी रोज त्याला काय काय करून घालील?”

मग त्यांनी पोराला उठवून पाटावर बसवलं आणि गुलमंडीवरून आणलेली इमरती त्याच्यापुढे ठेवली. दुसऱ्या भागाची वेळ झाली होती, तो लावायचा का नाही यावर दोघांची बराच वेळ घासाघीस चालली.